बटणांवरचे बदाम, इस्पिक आणि रेघा

गेल्या अंकात जुन्या घरगुती संगणकांवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्याबरोबर कमोडोर ६४ च्या कीबोर्डचे छायाचित्र होते आणि त्यातील अक्षरांच्या प्रत्येक बटणाच्या पुढच्या कडेवर दोन-दोन लहान चित्रचिन्हे छापलेली दिसत होती. त्या चिन्हांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : बदाम, इस्पिक, तिरप्या रेघा, अर्धे काळे चौकोन अशी ही चिन्हे बटणांवर कशासाठी होती? संगणकाला चित्रच काढायचे होते, तर ते ठिपक्या-ठिपक्यांनी का काढत नसत?

उत्तर : ठिपक्यांनी चित्र काढायचे असेल, तर प्रत्येक ठिपक्याची नोंद मेमरीत ठेवावी लागते. कमोडोर ६४ च्या स्क्रीनवर आडवे ३२० आणि उभे २०० ठिपके मावत. ठिपका पेटलेला आहे की विझलेला, एवढेच लक्षात ठेवायचे म्हटले तरी ६४,००० बिट, म्हणजे (आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने) ८,००० बाइट खर्ची पडतात. कमोडोरचाच आधीचा संगणक पेट १९७७ साली बाजारात आला, तेव्हा त्याच्या सर्वांत लहान नमुन्यात प्रोग्रॅमसाठी अवघी ४ किलोबाइट मेमरी होती. म्हणजे ठिपक्यांचे एक चित्र साठवायलाच तसे दोन संगणक लागले असते.

यावर शोधलेला उपाय असा होता, की स्क्रीनचे आडवे ४० आणि उभे २५ असे १,००० खण पाडायचे आणि प्रत्येक खणात कोणता आकार दाखवायचा याचा फक्त क्रमांक मेमरीत ठेवायचा. क्रमांकाला एक बाइट पुरतो. त्यामुळे संपूर्ण स्क्रीन १,००० बाइटांत बसतो. प्रत्यक्ष आकार रॉममध्ये, म्हणजे फक्त वाचता येणाऱ्या मेमरीत, कायमचे कोरलेले असतात. आडवे ८ आणि उभे ८ ठिपके अशा एका आकाराला ८ बाइट लागतात, म्हणून २ किलोबाइटच्या रॉममध्ये २५६ आकार मावतात. या आकारांमध्ये केवळ अक्षरे आणि अंक ठेवले, तर स्क्रीनवर केवळ मजकूर दिसेल. त्यांतच रेघा, कोपरे, पाव चौकोन आणि गोळे ठेवले, तर तेच यंत्र, एक बाइटही जास्त खर्च न करता, चित्र काढू लागते. म्हणून या चिन्हांना शोभेची चिन्हे समजू नये. पेटवर ठिपके स्वतंत्रपणे पेटवण्याची सोयच नव्हती. तेथे चित्र काढण्याचे दुसरे कोणतेही साधन नव्हते.

मेमरीची टंचाई किती टोकाची असे, हे १९८१ च्या सिंक्लेअर झेडएक्स-८१ या संगणकावरून नीट कळते. त्यात एकूण १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट मेमरी होती. त्यातील १२५ बाइट संगणकाच्या स्वतःच्या नोंदींसाठी राखलेले होते. ३२ खणांच्या २४ ओळी पूर्ण भरल्या, तर ओळीच्या शेवटाच्या खुणा धरून ७९३ बाइट जात. उरलेल्या १०६ बाइटांत प्रोग्रॅम कसा लिहायचा? म्हणून या संगणकात मेमरी कमी असताना रिकामी ओळ साठवलीच जात नसे. तिच्या जागी ओळ संपल्याची एकच खूण राही आणि ओळीत काही लिहिले, तरच ती लांबत जाई. इतक्या काटकसरीतही त्याच्या कर्त्यांनी काळे-पांढरे ठोकळे आणि करड्या जाळीचे खण यांना जागा दिली, यातच त्यांचे महत्त्व दिसते.

प्रश्न : पेटवर "ए" या अक्षराचा क्रमांक ६५ असल्याचे पुस्तकात वाचले. पण स्क्रीनच्या मेमरीत थेट ६५ लिहिले, तर "ए" न उमटता इस्पिक उमटते. यात चूक कुणाची?

उत्तर : चूक कुणाचीच नाही. येथे क्रमांकांच्या दोन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत.

पहिली यादी प्रिंट आज्ञेची. तिला पेट्स्की म्हणतात. पेट आणि आस्की (अक्षरांना क्रमांक देणारी प्रमाण यादी) या दोन शब्दांचा हा जोड आहे. आस्कीच्या १९६३ च्या आवृत्तीत वर जाणारा आणि डावीकडे जाणारा असे दोन बाण होते. पुढच्या आवृत्तीत त्यांच्या जागी दुसरी चिन्हे आली, पण पेट्स्कीने ते बाण जपले. या यादीतील सुरुवातीचे ३२ क्रमांक आकारांसाठी नसून हुकमांसाठी आहेत. कर्सर खाली न्या, उलटे रंग सुरू करा, पहिल्या खणात परत या, अशा स्वरूपाचे हे हुकूम असतात.

दुसरी यादी स्क्रीनच्या मेमरीची. तेथे हुकमाला काहीच अर्थ नसतो, कारण खणात काही ना काही आकार दिसलाच पाहिजे. म्हणून या यादीत पहिले ३२ क्रमांकही आकारांनाच दिले गेले. शून्यावर ॲट चिन्ह, १ वर "ए", २ वर "बी", असा क्रम लागला आणि ६५ वर इस्पिक आले. बदाम ८३ वर, किलवर ८८ वर आणि चौकट ९० वर आहे. एकूण १२८ आकार झाले; त्यांना सात बिट पुरले. आठवा बिट मोकळा राहिला, तो रंग उलटवण्यासाठी वापरला गेला. क्रमांकात १२८ मिळवले, की तोच आकार पांढऱ्याच्या जागी काळा आणि काळ्याच्या जागी पांढरा होऊन दिसतो. आपण पेटच्या स्क्रीनमधील पहिल्या खणाचा पत्ता, म्हणजे ३२७६८, घेऊन तेथे पोक आज्ञेने १९३ लिहिलेत, तर डाव्या वरच्या कोपऱ्यात उजळ खणात काळे इस्पिक दिसेल.

आकार स्क्रीनवर उमटतो कसा, हे येथेच सांगणे बरे, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक रेघा ओढत जातो. खणांच्या एका ओळीसाठी त्याला आठ रेघा ओढाव्या लागतात. प्रत्येक रेघेच्या वेळी संगणकातील विद्युत मंडल स्क्रीनच्या मेमरीतून खणाचा क्रमांक वाचते, त्याला आठने गुणते, चालू असलेली रेघ खणातील कितवी आहे ती संख्या त्यात मिळवते आणि आलेल्या पत्त्यावरचा बाइट रॉममधून उचलते. त्या बाइटमधील आठ बिट एकामागून एक बाहेर सोडले, की आठ ठिपके तयार होतात. मग पुढचा खण. संपूर्ण चित्र कोठेही साठवलेले नसते. ते दर सेकंदाला ५० किंवा ६० वेळा नव्याने जुळवले जाते.

प्रश्न : टीआरएस-८० वर नुसतेच ठोकळे होते, पेटवर मात्र कितीतरी चिन्हे होती. यांपैकी कोणती पद्धत अधिक चांगली म्हणावी?

उत्तर : टीआरएस-८० मॉडेल १ सुद्धा १९७७ चाच संगणक आहे. त्याचा स्क्रीन ६४ खणांच्या १६ ओळींचा, म्हणजे नेमका १,०२४ खणांचा होता. त्याच्या कर्त्यांनी चित्रासाठी एकच कल्पना घेतली आणि ती शेवटपर्यंत नेली. प्रत्येक खणाचे दोन स्तंभ आणि तीन ओळी असे सहा ठोकळे करायचे. सहा ठोकळ्यांच्या, पेटलेला किंवा विझलेला अशा, एकूण ६४ रचना होतात; त्यांना १२८ ते १९१ हे क्रमांक दिले. येथे आकार रॉममध्ये कोरण्याची गरजच उरली नाही, कारण क्रमांकातील खालचे सहा बिट हेच ते सहा ठोकळे होते. अशा प्रकारे आडवे १२८ आणि उभे ४८ ठोकळे हाती आले आणि सेट व रिसेट या आज्ञांनी त्यांतील हवा तो ठोकळा पेटवता किंवा विझवता येऊ लागला. याच संगणकाच्या स्क्रीनच्या मेमरीत खर्च वाचवण्यासाठी आठ बिटांऐवजी सातच बिटांपुरत्या चिप बसवल्या होत्या आणि त्यामुळे मुळात त्यावर लहान लिपीतील इंग्रजी अक्षरे दिसत नसत. लहान अक्षरे सोडून दिली, पण ठोकळे ठेवले, ही निवड लक्षात राहण्यासारखी आहे.

झेडएक्स-८१ ने खणाचे चारच भाग केले. चार भागांच्या सोळा रचना होतात. पण त्यांतील आठच आकार पुरतात, कारण उरलेले आठ त्यांचीच उलट रूपे असतात. रंग उलटवणारा बिट आधीपासून होताच. त्यामुळे निम्मे काम फुकट झाले. बीबीसी मायक्रो या संगणकाच्या मोड ७ मध्ये (मोड म्हणजे स्क्रीन दाखवण्याची एक पद्धत) पुन्हा सहा भागांचे खण होते; ते टेलिटेक्स्ट या दूरचित्रवाणीवर मजकूर दाखवणाऱ्या सेवेतून आले होते. त्या संगणकाचे ठिपक्यांचे मोठे मोड २० किलोबाइट मेमरी घेत, तर हा रंगीत मोड १ किलोबाइटमध्ये भागवी. मात्र रंग बदलण्याचा हुकूम स्क्रीनवर एक खण अडवून बसे आणि चित्र काढणाऱ्याला ती रिकामी फट चित्रात सामावून घ्यावी लागे.

पेटची चिन्हे लिओनार्ड ट्रॅमिएल आणि चक पेडल यांनी मुख्यतः ठरवली, आणि माझ्या मते या सर्वांमध्ये त्यांचा संच सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. पाव ठोकळे त्यांच्याकडेही होते. त्यामुळे ८० गुणिले ५० ठोकळ्यांचे चित्र काढता येई. पण त्याखेरीज त्यांनी खणाच्या तळापासून एक अष्टमांश, दोन अष्टमांश, तीन अष्टमांश आणि अर्ध्या उंचीपर्यंत भरलेले आकार दिले, तसेच वरच्या कडेला चिकटलेल्या पातळ पट्ट्याही दिल्या. वरची पट्टी उलट्या रंगात घेतली, की पाच, सहा आणि सात अष्टमांश भरलेला खण मिळतो. म्हणजे स्तंभालेख काढायचा असेल, तर २५ ओळींच्या स्क्रीनवर २०० पायऱ्यांची अचूकता येते, जी पूर्ण ठिपक्यांच्या चित्रात आली असती. आडव्या पट्ट्यांसाठीही डाव्या-उजव्या कडांचे असेच आकार होते. एकेक आकार दोनदा कामाला यावा, अशी ही मांडणी आहे.

कमोडोर ६४ च्या बटणांवर दोन चिन्हे का, याचेही उत्तर यातच आहे. उजवीकडचे चिन्ह शिफ्टने येते, डावीकडचे कमोडोरच्या स्वतंत्र बटणाने. लहान आणि मोठी दोन्ही अक्षरे हवी असतील, तर दुसरा संच सुरू करावा लागतो आणि मग शिफ्टच्या जागा मोठ्या अक्षरांना जातात. बदाम, इस्पिक आणि गोळे नाहीसे होतात. डावीकडची चिन्हे मात्र दोन्ही संचांत कायम राहतात. ती कोणती आहेत, हे पाहावे : कोपरे, जोडरेघा, पट्ट्या आणि ठोकळे. पत्र किंवा हिशेब लिहिणाऱ्याला पत्त्यांची चिन्हे लागणार नाहीत, पण तक्ता आखायला रेघा लागतील, हे ओळखूनच ही वाटणी केलेली आहे.

प्रश्न : जुन्या मासिकांत छापलेल्या बेसिक भाषेतील प्रोग्रॅममध्ये प्रिंट शब्दापुढे अवतरणचिन्हांत उलट्या रंगातील बदाम दिसतो. प्रोग्रॅम चालवल्यावर मात्र बदाम कोठेच उमटत नाही. हा छपाईचा दोष आहे का?

उत्तर : नाही. तो बदाम म्हणजे "स्क्रीन पुसा" हा हुकूम आहे. कमोडोरच्या संगणकांवर अवतरणचिन्ह उघडल्यानंतर कर्सर हलवणारी बटणे आपले काम करत नाहीत. त्यांचे हुकूम मजकुराचाच भाग म्हणून साठवले जातात आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला दिसावेत म्हणून प्रत्येकाला उलट्या रंगातील एकेक आकार दिलेला असतो. स्क्रीन पुसण्याचा हुकूम १४७ क्रमांकाचा आहे, तो बदामासारखा दिसतो. पहिल्या खणात परत जाण्याचा हुकूम १९, तो उलट्या रंगातील "एस" होतो. कर्सर खाली नेणारा १७ हा "क्यू" होतो आणि उलटे रंग सुरू करणारा १८ हा "आर" होतो.

ही सोय लिहिणाऱ्याला अतिशय सुखाची होती. कर्सर चार घरे खाली आणि सहा घरे उजवीकडे नेणारी बटणे दाबत गेले, की संपूर्ण आकृती एका अवतरणात साठे आणि प्रिंट करताच जशीच्या तशी उमटे. वाचणाऱ्याचे मात्र हाल होत. छापलेल्या कागदावर उलटा "क्यू" आणि उलटा गोळा यांतील फरक ओळखणे कठीण. एक खाली नेतो, दुसरा वर. म्हणून अनेक मासिकांनी पुढे चिन्हांऐवजी महिरपी कंसांत शब्द छापायला सुरुवात केली. आपल्याकडील प्रोग्रॅम चिन्हांसह छापलेला असेल, तर टंकलेखन करताना प्रत्येक उलट्या आकारासाठी त्याचे बटण दाबावे. आकार शोधत बसू नये.

चिन्हेच खरोखर उमटवणाऱ्या एका प्रोग्रॅमचा येथे उल्लेख करतो, कारण तो एका ओळीचा आहे. पेट्स्कीमध्ये २०५ आणि २०६ या क्रमांकांवर दोन तिरप्या रेघा आहेत; एक खणाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्यात उतरते, दुसरी उलट दिशेने. २०५.५ मध्ये शून्य ते एकमधील यादृच्छिक संख्या मिळवायची, त्या क्रमांकाचे चिन्ह प्रिंट करायचे आणि हेच अखंड करत राहायचे. अपूर्णांक गळून पडतो आणि दोनपैकी एक रेघ उमटते. रेघा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पोहोचत असल्यामुळे शेजारच्या खणांतील रेघा एकमेकींना भिडतात आणि बघता बघता संपूर्ण स्क्रीनवर भूलभुलैया पसरतो. कमोडोर ६४ वर हे पाहताना, दोन आकारांतून एवढे काही निघू शकते याचा आनंद अजूनही होतो.

प्रश्न : आयबीएम पीसीवर मात्र बदाम बटणांवर नव्हते, तरी दुहेरी रेघांच्या चौकटी सर्वत्र दिसत. त्या रेघा मध्ये न तुटता सलग कशा दिसत?

उत्तर : आपला प्रश्न वरवर साधा वाटतो, पण तो नेमक्या अडचणीवर बोट ठेवणारा आहे. अक्षरांमध्ये फट हवी असते आणि रेघांमध्ये ती चालत नाही. देवनागरी वाचणाऱ्याला हे चटकन पटेल : शिरोरेषा एका अक्षराकडून पुढच्या अक्षराकडे अखंड गेली पाहिजे, पण तिच्याखालचे आकार एकमेकांना चिकटता कामा नयेत.

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या एकरंगी डिस्प्ले कार्डावर प्रत्येक खण ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच होता. रॉममधून मात्र एका वेळी आठच बिट येत. नववा स्तंभ अक्षरांमध्ये फट राहावी म्हणून कोरा सोडलेला होता आणि त्यामुळे वाचायला तो स्क्रीन फार सुखद वाटे. पण हीच फट आडव्या रेघेत पडली, तर चौकट तुटक दिसली असती. म्हणून कार्डात असा नियम बसवला, की १९२ ते २२३ या क्रमांकांच्या चिन्हांसाठी नववा स्तंभ आठव्याची नक्कल असेल. आठव्या स्तंभात रेघ असेल, तर ती नवव्यातही जाईल.

आता चौकटीच्या चिन्हांचा क्रम पाहावा. ती १७९ ते २१८ अशी एकूण ४० आहेत. पहिल्या तेरांमध्ये उभ्या रेघा, उजवीकडचे कोपरे आणि डावीकडे फुटणारे सांधे आहेत, म्हणजे ज्यांची रेघ उजव्या कडेला पोहोचतच नाही अशीच चिन्हे आहेत. ज्यांना उजवीकडे शेजाऱ्याला हात द्यायचा आहे, ती सर्व १९२ पासून पुढे ठेवली आहेत. नुसती यादी पाहिली, तर हा क्रम विस्कळीत वाटतो. नवव्या स्तंभाचा नियम माहीत झाला, की त्याची संगती लागते.

प्रश्न : ही चिन्हे कायमची रॉममध्ये कोरलेली असत, तर मग खेळांमध्ये वेगळेच आकार कसे दिसत?

उत्तर : काही संगणकांत आकारांची यादी रॉमऐवजी रॅममधून, म्हणजे हवी तशी बदलता येणाऱ्या मेमरीतून, वाचायला सांगता येत असे. १९७९ च्या अटारी ४०० आणि ८०० मध्ये यासाठी ७५६ या पत्त्यावर एक संख्या लिहिणे पुरे होई. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये "ए" ते "यू" या अक्षरांच्या जागी वापरणाऱ्याने घडवायचे २१ आकार होते. कमोडोर ६४ वर २ किलोबाइटमध्ये संपूर्ण संच बदलता येई; मग खणांत विटा, झाडे, ढग असे काहीही बसवता येत असे.

यात मेमरीइतकाच वेळेचाही प्रश्न होता. कमोडोर ६४ चा प्रोसेसर युरोपीय आवृत्तीत स्क्रीनच्या एका फेरीत, म्हणजे संपूर्ण चित्र एकदा उमटेपर्यंत, १९,६५६ आवर्तने (घड्याळाचे ठोके) करतो. साध्या पद्धतीने एक बाइट हलवायला सुमारे १४ आवर्तने लागतात. दृश्य सरकवण्यासाठी १,००० खण हलवायचे, तर १४,००० आवर्तने पुरतात आणि काम एका फेरीत उरकते. ठिपक्यांचे ८,००० बाइट हलवायचे, तर १,१२,००० आवर्तने, म्हणजे जवळजवळ सहा फेऱ्या लागतात आणि सरकणारे दृश्य अडखळू लागते.

प्रश्न : ही चिन्हे आजच्या संगणकावर मजकूर म्हणून लिहिता येतील का, की त्यांची चित्रेच चिकटवावी लागतील?

उत्तर : लिहिता येतील. पत्त्यांची चारही चिन्हे, चौकटीच्या रेघा आणि पाव ठोकळे युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या आजच्या यादीत, बऱ्याच आधीपासून आहेत. उरलेल्या चिन्हांपैकी पुष्कळशी मार्च २०२० च्या १३.० आवृत्तीत आली. तेव्हा जुन्या संगणकांच्या चिन्हांसाठी वेगळा विभाग करून त्यात २१२ चिन्हे घेतली गेली. टीआरएस-८० च्या सहा भागांच्या खणांच्या ६४ रचना वर सांगितल्या आहेत. पण त्या विभागात त्या ६० च सापडतात. बाकीच्या चार, म्हणजे रिकामा खण, पूर्ण भरलेला खण, डावा अर्धा आणि उजवा अर्धा, युनिकोडमध्ये आधीच होत्या, म्हणून त्या पुन्हा घेतल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ च्या १६.० आवृत्तीत आणखी एक पुरवणी विभाग आला. मात्र आपल्या संगणकावरील फाँटमध्ये हे आकार असले पाहिजेत, आणि फाँट समान रुंदीचा असला तरी ओळींमधील अंतर शून्य ठेवावे लागते. तसे न केल्यास उभ्या रेघा प्रत्येक ओळीपाशी तुटतात.